केळी खाल्ल्याने लघवीचा रिपोर्ट बिघडतो का?

रावेरची_लेक
बाबांना चार महिन्यांपासून जुलाब, मध्येच चेहरा लालबुंद होतो. डॉक्टरांनी ५-एचआयएए नावाची २४ तासांच्या लघवीची तपासणी सांगितली. रिपोर्ट आला १२ मिलिग्रॅम, बाजूला मर्यादा छापलीय ८. घरात कुणाला जेवण गेलं नाही. काल डॉक्टर विचारतात, "केळी खात होते का?" अहो, आमची केळीचीच बाग! बाबा बागेत दोन खातात, जेवणावर दोन. त्यात आदल्या रात्री शेतात भरीत-पुरी झाली होती. लॅबवाल्यांनी कॅन हातात ठेवला, पथ्याचं चकार शब्दाने बोलले नाहीत. खरंच केळ्याने एवढा फरक पडतो?

मनमौजी
केळ्यात सेरोटोनिन असतं, मूड छान राहतो. बाबा खूश असतील :)

निवृत्त_टेक्निशियन
मनमौजी, निम्मंच बरोबर. केळ्यात सेरोटोनिन असतं, पण खाल्लेलं मेंदूत शिरत नाही. मेंदू आपलं आपण बनवतो.

ताई, फरक पडतो, आणि भरपूर पडतो. जेवणातल्या प्रथिनांत ट्रिप्टोफॅन असतं, रेणुभार २०४. त्यातून कार्बन डायऑक्साइडचे ४४ गेले की उरतं १६०, ते ट्रिप्टामीन. सेरोटोनिन बनवताना शरीर आधी पाचव्या जागी हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) चढवतं, मग कार्बन डायऑक्साइड काढतं. म्हणून त्याचं खरं नाव ५-हायड्रॉक्सीट्रिप्टामीन, भार १७६. शरीरातलं ९० टक्क्यांच्या आसपास आतड्यात असतं, आतड्याची हालचाल त्यावर चालते. जास्त झालं की जुलाब होतात ते म्हणूनच. काम संपलं की एन्झाइम त्याची नायट्रोजनची शेपटी छाटून तिथे आम्ल करतात. तेच तुमचं ५-एचआयएए, भार १९१.

आता हिशोब करा. केळ्याच्या गरात ग्रॅममागे साधारण १५ मायक्रोग्रॅम सेरोटोनिन. चार केळी, ४०० ग्रॅम गर, म्हणजे ६ मिलिग्रॅम. त्याचं ५-एचआयएए होतं साडेसहा. १२ मधून वजा केलं तर साडेपाच! सगळंच लघवीत उतरतं असं नाही, पण अंदाज आला ना? लघवी फक्त बेरीज दाखवते. ही तपासणी करतात ती सेरोटोनिन सोडणारी गाठ शरीरात आहे का, हे पाहायला; पण गाठीचं किती, बागेतलं किती, हे लघवी सांगत नाही.

मात्र केळ्यावर ढकलून गप्प बसू नका. जुलाब आणि चेहऱ्याची लाली एकत्र असली की डॉक्टर ही तपासणी उगाच सांगत नाहीत. ती पुन्हा करा, नीट करा. आधीचे तीन दिवस आणि गोळा करायच्या दिवशी केळी, अननस, अक्रोड, टोमॅटो, वांगी बंद. खोकल्याचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. आमच्या जुन्या पद्धतीत नमुन्याला जांभळा रंग चढायचा, त्यावरून मोजायचो. ग्वायफेनेसिनवालं सिरप घेतलेल्या माणसाचाही चढायचा. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, तिथून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्यापर्यंत सगळी कॅनमध्ये. तळाशी थोडं पाणी दिसेल ते आम्ल आहे. एका काकूंनी कॅन अस्वच्छ समजून विसळून आणला होता, सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

रावेरची_लेक
काका, हिशोब बाबांना वाचून दाखवला, दोनदा. एक विचारू? मी अर्धशिशीला सुमाट्रिप्टान घेते. हे 'ट्रिप्ट' तेच का?

रसायन_मास्तर
तेच. इंडोल म्हणजे सहाचं आणि पाचाचं कडं चिकटलेलं, त्याला दोन कार्बनची शेपटी, टोकाला नायट्रोजन. हा सांगाडा कायम ठेवून निसर्ग नुसती टोकं बदलतो. सुमाट्रिप्टान त्याच सांगाड्यावर बांधलंय, म्हणून ते सेरोटोनिनच्या जागेवर जाऊन बसतं आणि डोक्यातल्या फुगलेल्या रक्तवाहिन्या आवळतं. रात्री मेंदूतली पिनियल ग्रंथी सेरोटोनिनला एक अ‍ॅसिटिल, एक मिथिल (कार्बनचे छोटे गट) लावून मेलाटोनिन, म्हणजे झोपेचं संप्रेरक, करते. आणि हायड्रॉक्सिल पाचव्याऐवजी चौथ्या जागी, नायट्रोजनवर दोन मिथिल, की झालं सायलोसिन, म्हणजे भास घडवणाऱ्या अळंब्यांमधलं रसायन. वर्गात हे सांगितलं की मागचा बाक पहिल्यांदा जागा होतो.

रावेरची_लेक
नवा कॅन आणला. सोमवारपासून पथ्य, गुरुवारी गोळा करणार. बाबा विचारतायत, केळफुलाची भाजी चालेल का?

निवृत्त_टेक्निशियन
त्यांना म्हणावं, गुरुवारपर्यंत बागेकडे फिरकूच नका.