नवी कंपनी, कोरी पाटी: अमेरिकेच्या फेडरल टेंडरमध्ये पास्ट परफॉर्मन्सचं काय होतं?

रानवारा:
नमस्कार मंडळी. मी आणि माझे दोन जुने सहकारी, आम्ही गेल्या वर्षी एलएलसी काढली. तिघांनीही एका मोठ्या कंपनीत राहून फेडरल खात्यांचे हेल्पडेस्क आणि नेटवर्क वर्षानुवर्षं सांभाळले आहेत, पण आमच्या कंपनीच्या नावावर प्राइम म्हणून, म्हणजे सरकारशी थेट करार करून घेतलेलं, एकही काम नाही. आता लहान उद्योगांसाठी राखीव असलेली एक आरएफपी (प्रस्ताव मागवणारं टेंडर) आली आहे. निकष तीन: तांत्रिक आराखडा, पास्ट परफॉर्मन्स (मागची कामं कशी केली) आणि किंमत. गेल्या तीन वर्षांतली याच प्रकारची तीन कामं दाखवा म्हणतात. एक भागीदार म्हणतो, तिथे ‘लागू नाही’ लिहू आणि पुढे जाऊ. मला धास्ती आहे की त्या रकान्यात शून्य पडलं तर बाकीचा प्रस्ताव कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. नव्या कंपनीला मोजतात तरी कसं?

कोरडा_पाऊस:
शून्य पडत नाही. ज्या कंपनीची मागची माहितीच उपलब्ध नाही, तिला या निकषावर अनुकूलही धरायचं नाही आणि प्रतिकूलही नाही, असा कायदाच आहे. ‘न्यूट्रल’ मिळेल. भागीदाराचं ऐका, वेळ तांत्रिक भागावर घालवा.

ओवी:
कोरडा_पाऊस यांनी कायदा बरोबर सांगितला, पण रानवारा, त्यावर विसंबून तो भाग मोकळा सोडू नका. मी बरीच वर्षं सरकारी बाजूला कंत्राट विभागात होते, आता लहान कंपन्यांना प्रस्ताव लिहायला मदत करते, आणि ‘न्यूट्रल आहे ना, मग झालं’ या समजुतीपायी चांगल्या माणसांच्या हातून कामं जाताना मी पाहिली आहेत.

ही तरतूद 1994 च्या फेडरल अ‍ॅक्विझिशन स्ट्रीमलायनिंग अ‍ॅक्टमधून आली. आज ती अमेरिकी कायदेसंहितेत 41 यूएससी 1126 मध्ये आहे. ती तुमचे गुण कापू देत नाही, एवढंच. गुण मिळवून देत नाही. समजा तुम्हाला न्यूट्रल मिळालं आणि शेजारच्या कंपनीला ‘सब्स्टॅन्शियल कॉन्फिडन्स’, म्हणजे भक्कम भरवशाचा शेरा. निवड बेस्ट व्हॅल्यू ट्रेडऑफने, म्हणजे दर्जा आणि किंमत एकत्र तोलून, होणार असेल तर अधिकारी त्या भरवशासाठी जास्त पैसे मोजू शकतो, फक्त कारण नीट लिहून ठेवावं लागतं. अशा निवडी जीएओने (कंत्राटांवरच्या हरकती ऐकणारी सरकारी संस्था) वेळोवेळी मान्य केल्या आहेत. याउलट निवड एलपीटीए पद्धतीने असेल, म्हणजे पात्र ठरलेल्यांतला सर्वांत स्वस्त, तर माहिती नसणं सहसा ‘स्वीकारार्ह’ मध्येच धरलं जातं. म्हणून आधी आरएफपीतला सेक्शन एम, म्हणजे मूल्यांकनाचे निकष सांगणारा भाग, उघडा आणि तुमची निवड कोणत्या पद्धतीने होणार ते बघा.

तिथेच दुसरी गोष्ट तपासा, आणि माझ्या मते ही जास्त महत्त्वाची. ‘एक्स्पीरियन्स’ हा वेगळा निकष आहे का? किंवा तांत्रिक भागातच कंपनीचा अनुभव मागितलाय का? काम केलंय का, हा अनुभव. कसं केलंय, हा पास्ट परफॉर्मन्स. न्यूट्रलचं संरक्षण फक्त दुसऱ्याला आहे. अनुभव नाही म्हणून तुमचा तांत्रिक दर्जा खाली आला तर हा कायदा मदतीला येत नाही. नव्या कंपन्यांना खरा फटका इथे बसतो, आणि तो का बसला हे त्यांना शेवटपर्यंत कळत नाही.

आता काय भरायचं. फेडरल अ‍ॅक्विझिशन रेग्युलेशनच्या भाग 15 मध्ये वर्षानुवर्षं असं म्हटलेलं आहे की मूल्यांकनात पूर्वीची कंपनी, संबंधित अनुभव असलेली प्रमुख माणसं आणि कामाचा मोठा किंवा नाजूक भाग सांभाळणारे सबकॉन्ट्रॅक्टर, यांची माहिती विचारात घ्यावी. (2025 पासून या नियमांचं पुनर्लेखन चालू आहे, तेव्हा जुने कलम क्रमांक डोळे झाकून उतरवू नका. तुमच्या आरएफपीत जे लिहिलंय ते आधी.) तुम्ही तिघं ‘प्रमुख माणसं’ मध्ये बसता. प्रत्येक कामाचा कंत्राट क्रमांक, काळ, रक्कम, त्यातली तुमच्या हातातली जबाबदारी, आणि ते सांगू शकेल असा सरकारी अधिकारी, एवढं लिहा. ‘अनुभवी टीम’ वगैरे विशेषणांनी समितीच्या हाती काहीच लागत नाही. तिला अहवालात कारण लिहायचं असतं. ते तुम्ही पुरवलं नाही तर कुणी पुरवणार नाही.

एक मात्र कळकळीने सांगते. जुन्या मालकाचं कंत्राट आपल्या कंपनीचं म्हणून लिहू नका. ‘हे काम अमुक कंपनीचं, त्यात आमचा प्रोग्राम मॅनेजर हे सांभाळत होता’ असं स्वच्छ लिहा. कंत्राट कुणाला मिळालं होतं हे यूएसएस्पेंडिंग या सरकारी संकेतस्थळावर कुणीही पाहू शकतं, आणि एकदा विश्वास गेला की बाकीचा प्रस्तावही त्याच नजरेने वाचला जातो.

रानवारा:
ओवीताई, मनापासून आभार. दोन शंका. आमच्या कंपनीने एका मोठ्या प्राइमखाली थोडं सबकॉन्ट्रॅक्टचं काम केलंय, ते गेल्याच आठवड्यात संपलं. सीपार्समध्ये (कंत्राटदारांच्या कामगिरीची सरकारी नोंदप्रणाली) त्याची नोंद दिसत नाही. आणि आरएफपीत एके ठिकाणी ‘प्राइम म्हणून केलेली कामं’ असे शब्द आहेत. मग ते मोजतील का?

ओवी:
सीपार्समध्ये प्राइमचीच नोंद होते, सबची नाही. पण तुम्ही अगदी वेळेवर विचारलंत. एसबीएचा, म्हणजे लहान उद्योगांसाठीच्या सरकारी संस्थेचा, 2022 चा नियम आहे, 13 सीएफआर 125.11. ज्या कंत्राटाला सबकॉन्ट्रॅक्टिंग प्लॅन (सबना काम देण्याचा प्राइमचा आराखडा) आहे, त्यातल्या फर्स्ट टियर, म्हणजे थेट प्राइमखाली काम करणाऱ्या, लहान कंपनीला प्राइमकडून कामाचं रेटिंग मागता येतं. ते मागायला 30 दिवसांचीच मुदत असते, आणि प्राइमने ते 15 दिवसांत द्यायचं. त्या कंत्राटाला असा प्लॅन आहे का ते आजच विचारा, असेल तर लेखी मागणी लगेच पाठवा. नंतर प्राइम म्हणून बोली लावताना हे रेटिंग वापरायची सोय याच नियमात आहे.

‘प्राइम म्हणून’ या शब्दांबद्दल प्रश्नोत्तरांची मुदत संपायच्या आत विचारा: प्रमुख माणसांची आणि फर्स्ट टियर सबची कामं धरणार का? उत्तर नाही आलं आणि अट अन्यायाची वाटली, तर जीएओकडे हरकत प्रस्तावाची अंतिम वेळ उलटण्यापूर्वीच नोंदवावी लागते. हरल्यावर अटीविरुद्ध केलेली तक्रार तिथे उशिराची म्हणून फेटाळतात.

वाटसरू:
आणखी एक वाट. आम्ही एसबीएच्या मेंटॉर-प्रोटेजे योजनेतून (अनुभवी कंपनी मेंटॉर, शिकणारी लहान कंपनी प्रोटेजे) मोठ्या कंपनीबरोबर जॉइंट व्हेंचर, म्हणजे संयुक्त कंपनी, केलं. तिथे प्रत्येक भागीदाराने स्वतंत्रपणे केलेलं काम खात्याला विचारात घ्यावंच लागतं, आणि इतर बोलीदारांना जे निकष लावले तेच प्रोटेजेने एकट्याने पूर्ण करावेत अशी अट घालता येत नाही. मात्र एसबीएची मान्यता, करार, हिशेब, सगळं वेळखाऊ आहे. या टेंडरसाठी जमणार नाही, पुढच्यासाठी सुरुवात करा. सरकारी कंत्राटांसाठी मदत करणारं जवळचं अपेक्स अ‍ॅक्सिलरेटर केंद्रही गाठा, मार्गदर्शन सहसा फुकट असतं.

ओवी:
वाटसरूंशी सहमत. आणि रानवारा, निकाल विरोधात गेला तर तीन दिवसांच्या आत डीब्रीफिंगची (आपली निवड का झाली नाही याचा खुलासा) लेखी मागणी करा. न्यूट्रल मिळालं होतं की त्याहून खाली, आणि अनुभवाच्या नावाखाली काही कापलं का, हे दोन प्रश्न नेमके विचारा. लहान कंपनीचा पास्ट परफॉर्मन्स पास-नापास पद्धतीने मोजून ‘नापास’ ठरवलं असेल, तर ते प्रकरण सर्टिफिकेट ऑफ कॉम्पिटन्सीसाठी (कंपनी हे काम करायला सक्षम आहे असा एसबीएचा दाखला) एसबीएकडे पाठवणं अधिकाऱ्यावर बंधनकारक असतं. पाठवलं का, तेही विचारा.