मदत हवी आहे: कोरड्या हंगामात कुयच्या खाद्यातली प्रथिनं कशी भरून काढावी?

पेरूमध्ये (फळ नव्हे, देश) मांसासाठी पाळतात त्या गिनीपिगच्या, म्हणजे कुयच्या, खुराकाबद्दल विचारायचं आहे. 14 दिवसांनी आईपासून तोडलेल्या वाढत्या पिल्लांना सुक्या वजनावर 18% प्रथिनं लागतात.

रोज 100 ग्रॅम हिरवा लसूणघास (सुका 20 ग्रॅम, प्रथिनं 4 ग्रॅम) आणि 20 ग्रॅम भरडलेला जव (2.2 ग्रॅम) दिला तर गणित 16 टक्क्यांपर्यंत येतं, निभावून जातं. पण मे ते सप्टेंबर डोंगरावर पाऊस नसतो, रात्री गोठलेलं दहिवर पडतं, घास जळतो. त्याच्या जागी मक्याचा कडबा घातला की प्रथिनं थेट 9 टक्क्यांवर. शिवाय कुय पानं कुरतडतात, दांडे तसेच टाकतात. म्हणजे कागदावरचा कडबा पोटात जातच नाही.

जव 40, गव्हाचा कोंडा 40, सोयापेंड 20 असा 20 ग्रॅम खुराक कडब्यासोबत धरला तरी एकूण 13-14% च. 18 गाठायला पेंड 45 भाग, कोंडा 35, जव 20 करावं लागतं.

प्रश्न असे: एवढी पेंड चालते का, की खुराकच 30 ग्रॅम करावा? धान्य वाढलं की आतड्यातलं आंबवण बिघडून हगवण लागते, ती भीती आहे. पेंडीऐवजी सोयाबीन वापरायचं तर किती भाजावं? कच्च्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो. आणि घास बंद म्हणजे क जीवनसत्त्वही बंद. किलोभर खाद्याला 200 मिलिग्रॅम कशात मिसळता, पाण्यात की खुराकात?