लॉक केलेला डिफरन्शियल टॉर्क ५०:५० वाटून देत नाही
डिफरन्शियल (गाडीच्या एका ॲक्सलवरच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअर-यंत्रणा) लॉक केल्यावर दोन्ही चाकांना टॉर्क (फिरवणारा जोर) निम्मा-निम्मा मिळतो, असे म्हटले जाते. वास्तविक ते वर्णन साध्या, उघड्या (लॉक नसलेल्या) डिफरन्शियलला लागू पडते. लॉक केवळ दोन्ही चाकांचा वेग सारखा ठेवतो. टॉर्कचे प्रमाण मात्र ज्या चाकाला जितकी पकड मिळेल त्यानुसार ठरते, त्यामुळे एक चाक हवेत लटकत असेल तर त्या ॲक्सलचा जवळजवळ १०० टक्के टॉर्क जमिनीवरच्या चाकाकडे जातो (आणि त्या बाजूच्या हाफ-शाफ्टवर (डिफरन्शियलपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्यावर) ताणही तेवढाच येतो, हे सहसा विसरले जाते). फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत फक्त मधला (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधला) डिफरन्शियल लॉक असेल, तर दोन्ही ॲक्सलवरचे डिफरन्शियल उघडेच राहतात, त्यामुळे पुढचे एक आणि मागचे एक चाक घसरताच गाडी तरीही अडकू शकते.