मदत हवी आहे: १४ शाखांच्या लाइनवर नजर ठेवायला झॅबिक्स – प्रत्येक शाखेत प्रॉक्सी हवा, की नुसता एजंट पुरेल?

मंडळी, नमस्कार.

एका पतसंस्थेचं संगणक आणि नेटवर्कचं काम मी बघते. मुख्य कार्यालय सांगलीत, १४ शाखा आसपासच्या गावांत. बँकिंगचं सॉफ्टवेअर मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरवर आहे, शाखा ब्रॉडबँडवरून व्हीपीएनने (इंटरनेटमधल्या खाजगी, सुरक्षित वाटेने) जोडल्यात. शाखेतून फोन येतो, "मॅडम, एंट्री होत नाहीये, लोक खोळंबलेत." मी पिंग मारेपर्यंत (समोरून उत्तर येतं का ते तपासेपर्यंत) लाइन सुरळीत झालेली असते. लाइन देणारा म्हणतो आमच्याकडे सगळं ठीक आहे, आणि माझ्या हातात दाखवायला काही नसतं. बिलाचे पैसे घ्यायला आलेले शेतकरी दुपारभर रांगेत बसतात, म्हणून हे मला एकदा नीट सोडवायचंच आहे.

मुख्य कार्यालयात झॅबिक्सचा सर्व्हर बसवला, शाखांमधल्या विंडोज पीसींवर एजंट, म्हणजे आकडे गोळा करणारे छोटे प्रोग्रॅम, टाकले. आधी पॅसिव्ह पद्धत ठेवली होती. तिच्यात सर्व्हर एजंटच्या १००५० पोर्टवर जाऊन आकडे मागतो. पण बहुतेक शाखांना १००.६४ ने सुरू होणारा पत्ता मिळतो, म्हणजे सीजीनॅट (अनेक ग्राहकांना मिळून बाहेरचा एकच पत्ता), त्यामुळे बाहेरून आत शिरता येत नाही. व्हीपीएनमधून गेलं तर चालतं, पण व्हीपीएन अडकलं, वीज गेली, राउटर बंद पडला किंवा लाइन तुटली, काहीही झालं तरी सर्व्हरला सगळं सारखंच दिसतं.

म्हणून अ‍ॅक्टिव्ह पद्धतीवर आले. आता एजंटच सर्व्हरच्या १००५१ पोर्टवर जोडणी करतो, काय काय मोजायचं त्याची यादी घेतो आणि आकडे पाठवतो. नॅटचा प्रश्न सुटला. जोडणीला पीएसके (दोन्हीकडे आधीच ठेवलेली गुप्त किल्ली) लावून ती कूटबद्धही केली आहे.

खरी अडचण पुढे आहे. लाइन ज्या वेळात खराब असते, नेमक्या त्याच वेळचा आलेख रिकामा येतो. न गेलेले आकडे एजंट मेमरीत ठेवतो, पण ती जागा थोडी, आणि पीसी बंद केला की तेही जातात. शिवाय झॅबिक्सचं साधं पिंग सर्व्हरवरून किंवा प्रॉक्सीवरून (सर्व्हरच्या वतीने आकडे गोळा करणारा मधला दुवा) होतं, एजंटवरून नाही. म्हणजे शाखेच्या बाजूने लाइन कशी दिसते हे मी मोजतच नाहीये.

प्रत्येक शाखेत रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर प्रॉक्सी ठेवावा का? तो शाखेतले आकडे स्वतःच्या डेटाबेसात साठवेल आणि लाइन आली की पाठवेल. ऑफलाइन बफर (लाइन नसताना आकडे साठवून ठेवायची मुदत) मुळात १ तासाचा असतो, तो २४ तास केला तर एसक्यूलाइट या हलक्या डेटाबेसला झेपेल का? आणि वेग मोजायला आयपर्फ३ चालू वेळेत लावावं का?

प्रतिसाद

ताई, प्रॉक्सी सरसकट नको. दोन-तीन पीसींच्या शाखेत एजंट २ (झॅबिक्स एजंटची नवी पिढी) टाका आणि त्याचा पर्सिस्टंट बफर चालू करा, मग न गेलेले आकडे डिस्कवर राहतात. त्याचाही मूळ कालावधी १ तास आहे, तो वाढवा. शाखेकडून मोजायला 'नेट.टीसीपी.सर्व्हिस.पर्फ' हा आयटम अ‍ॅक्टिव्ह ठेवा. बँकिंग सर्व्हरच्या पोर्टला जोडणी व्हायला किती सेकंद लागले ते एजंट स्वतः मोजतो, आणि जोडणी झालीच नाही तर ० देतो. तुमच्या कॅशियरला जे जाणवतं त्याच्या हे पिंगपेक्षा जवळ आहे.

मोठ्या शाखांत प्रॉक्सी जरूर ठेवा, अ‍ॅक्टिव्ह मोडमध्ये. त्याला तीन ठिकाणी पिंग करू द्या: शाखेचा राउटर, लाइन देणाऱ्याचा पहिला गेटवे, मुख्य कार्यालय. राउटर उत्तर देतोय आणि गेटवेपाशी पॅकेट गळतायत, हे तारीख-वेळेसह दाखवलंत की समोरच्याला टाळता येणार नाही. एका शाखेच्या आकड्यांना एसक्यूलाइट आरामात पुरतं.

पायबद्दल मात्र सावध राहा. पाय ४ पर्यंत घड्याळ टिकवणारी बॅटरीच नाही. वीज गेली, परत आली आणि लाइन अजून बंद असली तर वेळ इंटरनेटवरून मिळत नाही, आणि प्रॉक्सी चुकीच्या वेळेचे आकडे साठवत जातो. तुम्हाला पुरावा हवाय, तेव्हा वेळच चुकली तर सगळं वाया. डीएस३२३१ चं छोटं घड्याळ-मॉड्यूल लावा, नाहीतर एसएसडी असलेला जुना मिनी पीसी घ्या. वीज सारखी जात असेल तर एसडी कार्डावर डेटाबेस ठेवणंही धोक्याचंच.

आयपर्फ३ कामाच्या वेळेत नको, चाचणीच लाइन खाते. ५२०१ पोर्टवरचा त्याचा एक सर्व्हर एका वेळी एकच चाचणी घेतो, म्हणून शाखांच्या वेळा वेगळ्या ठेवा. नुसतं चालवलंत तर शाखेकडून जाणारा वेग कळतो, येणारा वेग हवा तर उलट दिशेचा पर्याय, 'वजा मोठा आर', द्यावा लागतो.

धागाकर्ती

मनापासून धन्यवाद, दादा. घड्याळाचं माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. मोठ्या तीन शाखांत मिनी पीसीवर प्रॉक्सी आणि बाकी ठिकाणी एजंट २, असं ठरवते.

एक राहिलं: लाइन परत आल्यावर साठलेले आकडे एकदम येतील, तेव्हा 'डेटा नाही' या ट्रिगरचे (अट पुरी झाली की इशारा देणाऱ्या नियमाचे) खोटे इशारे येतील का?

प्रतिसाद

ट्रिगर सर्व्हरवरच तपासले जातात. पण झॅबिक्स ५.० पासून 'नोडेटा', म्हणजे तोच 'डेटा नाही', प्रॉक्सीचा उशीर धरून चालतो, त्यामुळे प्रॉक्सीच्या शाखांत तो त्रास नाही. नुसत्या एजंटच्या शाखांत मात्र लाइन तुटली की इशारा येणारच, तिथे मुदत जरा सैल ठेवा. आणि प्रॉक्सी स्वतः शेवटचा कधी बोलला, त्यावर वेगळा ट्रिगर लावा.