मदत हवी आहे: स्पर्धेच्या फ्लेक्सवर लोबेराचा फोटो ठेवू की काढू?

वाडीचा_गोलकीपर:

मंडळी, विषय फुटबॉलचा असला तरी भांडण घरातलं आहे. शनिवारपर्यंत फ्लेक्सवाल्याला फाइल द्यायची आहे, म्हणून लवकर सांगा.

आम्ही सावंतवाडी तालुक्यातले, गोव्याच्या हद्दीला लागून. आजूबाजूच्या गावांत वर्षभर टेनिस बॉलचं क्रिकेट चालतं. आमच्या वाडीला मात्र शेजारामुळे फुटबॉलचं खूळ लागलं. भात कापून झालं की मळ्यात बांबूचे गोलपोस्ट उभे राहतात आणि सात-सात जणांची स्पर्धा होते. यंदा एका पोराने फ्लेक्सवर वरच्या पट्टीत एफसी गोवाच्या तीन कोचचे फोटो लावले: सर्जिओ लोबेरा, क्लिफर्ड मिरांडा आणि मानोलो मार्केझ. डिझाइन रात्री अकराला ग्रुपवर पडलं. अकरा वाजून चार मिनिटांनी नानांचा मेसेज आला, "त्या गद्दाराचो फोटो असलो तर माझे पैसे परत करा." ट्रॉफी आणि फ्लेक्स, दोन्हीचे पैसे नाना देतात.

नानांचं म्हणणं थोडक्यात असं. लोबेरा इथे २०१७ ते २०२० होता, मग मुंबई सिटीला गेला, जाताना अर्धी टीम घेऊन गेला आणि त्याच टीमने सेमीफायनलमध्ये आपल्याला पाडलं. नाव मोठं झालं ते आपल्या जिवावर, कप मात्र मुंबईला.

माझं म्हणणं वेगळं आहे, पण नानांसमोर मला धड बोलता येत नाही. ते माझे सख्खे काका, आणि मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवरची पहिली मॅच मला त्यांनीच दाखवलेली. ३० नोव्हेंबर २०१७, समोर बंगळुरू. बाहेर गाड्यावर रॉस ऑम्लेट खाऊन आत शिरलो. कोरोने तीन गोल मारले, त्यांच्या गोलकीपर गुरप्रीतला लाल कार्ड मिळालं, तरी बंगळुरूने दहा जणांत दोन गोल मारून ३-३ केलं. ४-३ ने जिंकलो. तिसऱ्या गोलला नानांनी शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली आणि त्या गडबडीत त्यांचा चष्मा खालच्या पायरीवर पडला. परतताना बांद्यापर्यंत एका काचेने रस्ता बघत, "ह्यो कोच येडो आसा, पण माका आवाडलो," एवढंच बोलत होते. तेच नाना आता गद्दार म्हणतात.

तर मदत दोन गोष्टींत हवी आहे. एक, तो खरंच आपल्याला सोडून गेला का? दोन, माणूस म्हणून नाही, कोच म्हणून त्याची किंमत काय? म्हणजे पुढच्या वर्षी फ्लेक्स काढून बघितला तर लाज वाटणार नाही ना?

---

पेडण्याचो_पाव्स:

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. तो गेला नाही, क्लबनेच काढला. ३१ जानेवारी २०२०, लीगचे तीनच सामने उरले होते आणि टीम टेबलच्या माथ्यावर होती. मग क्लिफर्डच्या हातात टीम दिली. हैदराबाद ४-१, मुंबई ५-२, जमशेदपूर ५-०, तिन्ही जिंकून लीग शील्ड (साखळीत पहिला येणाऱ्याची; कप प्लेऑफ जिंकणाऱ्याचा) आली आणि एफसी गोवा आशियातल्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात पोचणारा पहिला भारतीय क्लब झाला. ज्याला तुम्ही दारातून बाहेर काढलं तो नंतर दुसऱ्याच्या घरी जेवला, तर त्यात गद्दारी कसली?

बाकी मी गोवेकर असूनही फोटो ठेवा म्हणेन, फक्त क्लिफर्डचा त्याच्यापेक्षा लहान नको. एक गंमत नानांना सांगा. ओडिशा एफसीला पहिली ट्रॉफी मिळाली ती एप्रिल २०२३ मध्ये सुपर कपची, तेव्हा तिथे हंगामी कोच क्लिफर्डच. मग लोबेरा आला, दोन मोसम राहिला आणि ट्रॉफी एकही नाही.

---

अंधेरी_ते_रत्नागिरी:

मी मुंबई सिटीवाला, म्हणजे नानांच्या हिशोबात चोराचा साथीदार. मूळ गाव रत्नागिरी, तेव्हा थोडी सवलत द्या.

लोबेराने आमच्याकडे एकच मोसम काढला, २०२०-२१. शील्ड आणि कप एकाच वर्षी, आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीगमध्ये) त्याआधी कोणी केलं नव्हतं. शील्ड आली ती मोहन बागानशी बरोबरीचे ४० गुण असताना, शेवटच्या सामन्यात त्यांनाच २-० हरवून. फायनलला नव्वदाव्या मिनिटाला बिपिनचा गोल, २-१. ती फायनल झाली कुठे? फातोर्ड्यालाच. कोविडमुळे सगळा मोसम गोव्यात, रिकाम्या स्टॅंडसमोर. वर्षभरापूर्वी ज्याला तिथून घालवलं त्याने त्याच मैदानावर कप उचलला आणि ओरडायला एक माणूस नव्हता. मी टीव्हीसमोर नाचलो, पण तुमच्या बाजूने विचार केला तर ते दृश्य बोचणारच.

सेमीफायनलबद्दल नाना चूक नाहीत. दोन सामने असतात: पहिला लेग २-२, दुसरा ०-०, आणि पेनल्टीत ६-५. आधी तुमच्याकडे खेळलेले बुमूस, जाहूह, फॉल आणि तुमचा मंदार राव देसाई, चौघे आमच्या जर्सीत.

पण "सगळं पैशाने झालं" हे कोणी म्हणायला लागलं तर अर्धंच ऐका. मॅंचेस्टर सिटीचा मालक सिटी फुटबॉल ग्रुप २०१९ च्या शेवटी आमच्यात आला, पैसा होताच. पण पैसा असूनही फुकट गेलेले कोच या लीगने किती पाहिलेत!

---

देवगडचो_फणस:

ह्या सगळा बरोबर, पन येक गोष्ट कोन बोलत नाय. तेची मानसा तेच्या वांगडाच फिरतत. जाहूह आनि फॉल मोरोक्कोतल्या मोघरेब तेतुआनात तेच्याकडेच होते. थंयसून गोवा, गोव्यासून मुंबई, मुंबईसून ओडिशा. बुमूस पन मागीर ओडिशाक पोचलो. ह्यो कोच काय आचारी? आपली भांडी, आपलो मसालो, आपलो चुलो घेवन लग्नाक येतलो. जेवान बरा करतलो, ता खरा. पन आमच्या घरातल्या भांड्यांत शिजवून दाखव, मगे बोलू.

---

अंधेरी_ते_रत्नागिरी:

फणसबुवा, आचारी आवडला. पण कोरो आणि एदू बेदिया त्याने मोरोक्कोतून आणले नव्हते. २०१७-१८ ला कोरोचे १८ गोल, पुढच्या वर्षी १६, दोन्ही वेळा गोल्डन बूट त्याचाच. आधी बार्सिलोनात टिटो विलानोव्हाचा सहाय्यक होता, त्यामुळे पास देत-देत पुढे सरकायचं त्याच्या अंगातच आहे. गोलकीपरपासून चेंडू खेळवत आणायचा, जाहूह मागे उतरून पहिला पास देणार, दोन्ही बॅक वर चढणार. त्यात गोल खूप होतात आणि खायलाही लागतात. २०१७-१८ ला साखळीत १८ सामन्यांत ४२ गोल मारून सेमीफायनलला चेन्नईयिनकडून परतीच्या लेगमध्ये ०-३ ने हरले, हे त्याच खेळाचं दुसरं टोक.

---

पेडण्याचो_पाव्स:

२०१९ ची फायनल विसरलात? अंधेरी, १७ मार्च. जाहूह दुसऱ्या पिवळ्या कार्डावर बाहेर, ११७ व्या मिनिटाला कॉर्नर आणि बंगळुरूच्या राहुल भेकेचं हेडर. ०-१. मुंबईच्या मराठी पोराने मारला म्हणून तुमच्याकडे कोणी आनंदून गेलं असेल तर इथे लिहू नका. महिन्याभरात भुवनेश्वरला चेन्नईयिनला २-१ हरवून सुपर कप आणला, एफसी गोवाचा पहिला. लोबेराच्या हातचा आमच्यासाठी कप तो एकच.

---

कायदेशीर_काका:

फोटो कोणाचाही लावा, पण रस्त्यावर लावणार असाल तर ग्रामपंचायतीची लेखी परवानगी घ्या. मागच्या वर्षी आमच्याकडचा क्रिकेटचा फ्लेक्स दुसऱ्या दिवशी उतरवला.

---

वाडीचा_गोलकीपर:

काका, परवानगी घेतली आहे, धन्यवाद.

आज संध्याकाळी नानांकडे गेलो. ते मागील दारी सोलं वाळत घालत होते. पेडणेवाल्यांचा "काढला, गेला नाही" हा मुद्दा सांगितला. सोलं उलटता-उलटता म्हणाले, "काढलो ता म्हायत आसा. पन काढलेलो मानूस चार पोरां घेवन जाता?" मी म्हटलं, नाना, बुमूसचा रिलीज क्लॉज (करार सोडवायची रक्कम) मुंबईने भरला, फुकट नाही नेला. तर म्हणाले, "मगे मंदार?" तिथे मी गप्प.

खरं सांगायचं तर माझं मत इथे वाचताना थोडं हललं. फणसभाऊंचं आचाऱ्याचं मला पटलं, कारण ओडिशाचे दोन मोसम त्याच मापाने बघता येतात. पहिल्या वर्षी जाहूह-फॉल होते: नोव्हेंबर २०२३ मध्ये कोलकात्यात जाऊन एएफसी कपमध्ये मोहन बागानला ५-२, सुपर कपची फायनल जादा वेळेत ईस्ट बंगालकडून २-३, आयएसएलच्या सेमीफायनलला पहिला लेग जिंकून परतीला ०-२. जिंकता-जिंकता राहिलेलं वर्ष. दुसऱ्या वर्षी बुमूसही आला आणि तरी सातवे, प्लेऑफही हुकला. म्हणजे आपली भांडी असूनही जेवण बिघडू शकतं. त्यावरून मला वाटतं, तो चांगल्या टीमला फार चांगली करतो, पण मधल्या टीमला वर ओढेलच असं नाही. हे आमच्या वाडीतल्या पुष्कळ जणांपेक्षा बरं आहे, पण नानांना सांगायला पुरेसं नाही.

---

देवगडचो_फणस:

आता तर तो मोहन बागानाक गेलो. थंय भांडी सोन्याची.

---

अंधेरी_ते_रत्नागिरी:

म्हणूनच त्याच्या नावासाठी ही सगळ्यात अवघड जागा. त्यांच्या आधीच्या कोचने, मोलिनाने, २०२४-२५ ला शील्ड आणि कप दोन्ही जिंकले आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये त्याला जावं लागलं, जागी लोबेरा. दोन्ही जिंकणाऱ्याचं सात महिन्यांत हे झालं, तर लोबेराने नुसतं जिंकून काय होणार? जिंकला तर लोक म्हणतील टीमच तशी होती, हरला तर त्याचं एकट्याचं. आणि २०२१ नंतर मोठी ट्रॉफी नाही. मधे चीनला सिचुआनच्या दुसऱ्या श्रेणीच्या क्लबात गेला, त्याचं तर कोणाला आठवतही नाही. युरोपातलं कोणी बोलावेल असं मला वाटत नाही. पण भारतात त्याला काम मिळत राहील, एवढं नक्की. कोच बदलायचा म्हटला की मालकांना पहिलं आठवतं ते ओळखीचं नाव.

---

पेडण्याचो_पाव्स:

नानांना विचारा, आमच्याच आधीच्या कोचचा, ह्वान फेरांदोचा फोटो का नाही म्हणून. तो तर मोसम चालू असताना, डिसेंबर २०२१ मध्ये, स्वतःहून आम्हाला सोडून मोहन बागानला गेला. राग काढायचाच तर पत्ता बरोबर लिहा.

---

वाडीचा_गोलकीपर:

हे नानांना जसंच्या तसं वाचून दाखवलं. दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तेचो फोटो लावलोस तर फ्लेक्स मी स्वतः फाडीन," म्हणजे फेरांदोचा. लोबेराबद्दल तह झाला आहे: फोटो राहील, क्लिफर्डचा मधे आणि मोठा, लोबेराच्या खाली विशेषणं नाहीत, नुसतं "२०१७–२०२०". मंदारचाही फोटो टाका म्हणत होते. पट्टीत जागा नाही म्हटल्यावर मानोलोला थोडं सरकवायला सांगितलं.

आता शेवटचं एक विचारायचं आहे. फ्लेक्सवाल्याने प्रूफमध्ये "लोबेरो" छापून पाठवलं आहे आणि तो म्हणतो, मालवणीत तसंच बरोबर. कोणी त्याला समजवा, सकाळी दहाला मशीन लावणार आहे.