विषय: ३ जानेवारीचं नाटुकलं आणि भिडेवाड्यातलं पहिलं वर्ष

नमस्कार मंडळी,
यंदा सावित्रीबाईंच्या जयंतीला बालविभागाचं नाटुकलं करायचं ठरतंय. अंगावर शेण पडतं, त्या शाळेत पोचून लुगडं बदलतात आणि शिकवायला उभ्या राहतात, एवढा प्रसंग दहा मिनिटांत बसतो. स्क्रिप्ट कोण लिहितंय?
– सांस्कृतिक समिती

दादा, प्रसंग ठेवाच, पण तिथेच पडदा पाडू नका ही कळकळीची विनंती. माझ्या शनिवारच्या वर्गातल्या मुलांना शेण फेकलं एवढंच पाठ आहे, शाळा चालली कशी हे त्यांना कोणी सांगितलेलंच नाही. १८४८ साली पुण्यात बुधवार पेठेत तात्यासाहेब भिड्यांनी मुलींच्या शाळेसाठी वाड्यात जागा दिली, सदाशिवराव गोवंड्यांसारखे मित्र पाठीशी उभे राहिले, सावित्रीबाई तेव्हा १७ वर्षांच्या आणि जोतीराव एकविशीतले, म्हणजे आपल्याकडे कॉलेजात जाणाऱ्या मुलांच्या वयाचे! लोकांच्या दबावाखाली १८४९ मध्ये जोतीरावांच्या वडिलांनी दोघांना घराबाहेर काढलं, त्यांचे मित्र उस्मान शेख यांनी आसरा दिला, आणि शाळा काही काळ बंद पडली. हे बंद पडणं आपण कायम गाळतो. मला तर तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण जागा दुसऱ्याची, पैसा लोकांच्या मदतीचा, आता घरही नाही, अशात कोणीही म्हणालं असतं की जमेल तेवढं केलं, बास. पण जुलै १८५१ मध्ये चिपळूणकरांच्या वाड्यात पुन्हा शाळा उघडली, त्याच वर्षी रास्ता पेठेत दुसरी, मार्च १८५२ मध्ये वेताळ पेठेत तिसरी.
– शनिवारच्या शाळेतली ताई

ताई, वाचून अंगावर काटा आला. पण लहान मुलांच्या नाटकात शाळा बंद पडलेली दाखवायची का? जयंतीचा दिवस आहे, आनंदाचा शेवट हवा असं मला वाटतं.
– जयाकाकू

काकू, दाखवायचीच. मुलींचे आईवडील विरोध सोसून त्यांना पाठवत होते, त्या मुलींना एक दिवस शाळाच नाही हे मुलांना बरोबर कळतं, त्यांना आपण उगीच लहान समजतो. आणि सावित्रीबाईंच्या सहकारी फातिमाबी शेखांना प्लीज मागे गर्दीत उभं करू नका, त्या स्वतः शिकवायच्या. आनंदाचा शेवट हवा तर मुक्ताबाई घ्या ना! फुल्यांच्या शाळेतली मांग समाजातली मुलगी, तिने महार-मांगांच्या दुःखाबद्दल लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ नियतकालिकात छापून आला. त्यातला एक उतारा एखाद्या मुलीने स्टेजवर उभं राहून वाचावा, बाकी संवाद नकोत.
– ताई

माझी नात वाचेल. भाषा जुनी आहे, तेव्हा उतारा आजच पाठवा, मी रोज संध्याकाळी तिच्याकडून म्हणून घेते.
– जयाकाकू