ए.एल.एल. (ब्लड कॅन्सरचा एक प्रकार) मध्ये रोजचं अँटिबायोटिक का देत नाहीत?

ओवीची_आई:
मुलगी 5 वर्षांची, बी सेल ए.एल.एल., इंडक्शनचा (केमोचा पहिला टप्पा) तिसरा आठवडा चालूय. तिला फक्त शनिवार-रविवार सेप्ट्रान ही गोळी आहे, पण शेजारच्या बेडवरच्या मुलाला ए.एम.एल. (ब्लड कॅन्सरचाच दुसरा प्रकार) आहे, त्याला रोज लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक देतात. हिचा ए.एन.सी. (इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा काउंट) 200 पर्यंत खाली आलाय आणि सासूबाई रोज मागे लागल्यात की तीच गोळी हिलाही मागून घे, आधीच दिलं तर इन्फेक्शन होणारच नाही ना. मागू का?

नगरकर७:
ताई सेप्ट्रान न्यूमोसिस्टिस नावाच्या न्यूमोनियासाठी असतं, बाकी तापाचं ते काम नाही. पुढे काउंट वर आला म्हणून आपल्या मनाने बंद मात्र करू नका. आमच्याकडे हाय डोस मेथोट्रेक्सेट या केमोच्या औषधाच्या वेळी थांबवायचे, पण ते डॉक्टर सांगतील तसंच.

पेडऑन्को_रेसिडेंट:
ए.एम.एल.च्या केमोनंतर काउंट बरेच दिवस वर येत नाही, म्हणून तिथे देतात. 2018 मध्ये अमेरिका-कॅनडातली ट्रायल छापून आली, त्यात ए.एम.एल. आणि रिलॅप्स झालेल्या (आजार उलटलेल्या) ए.एल.एल.च्या मुलांमध्ये रक्तातलं बॅक्टेरियाचं इन्फेक्शन 43 टक्क्यांवरून 22 वर आलं, म्हणजे गोळी घेऊनही पाचातल्या एकाला झालंच की. नवीन ए.एल.एल.वाली मुलं त्यात नव्हती, त्यांना सरसकट द्या असं 2020 चं गाइडलाइनही म्हणत नाही. त्यात आपल्याकडचे ई. कोलाय, क्लेब्सिएला हे जंतू या औषधाला फारसे जुमानतच नाहीत, उगाच देत राहिलं तर रेझिस्टंट जंतूच पोटात मुक्काम ठोकतात. काही सेंटर देतातही, स्वतःच्या वॉर्डातले कल्चर (कोणते जंतू सापडतात त्याचे रिपोर्ट) बघून ठरवतात. विचारा जरूर, पण शेजारच्या पट्टीतली गोळी देऊ नका.

माऊ_मम्मा:
मला तर वाटतं गोळीपेक्षा थर्मामीटर महत्त्वाचा!! 100.4 दिसलं की रात्रीचे दोन वाजलेले असोत, आधी क्रोसिन देऊन बघू असं करायचंच नाही, सरळ हॉस्पिटल, पहिलं इंजेक्शन तासाभरात जायला हवं. काखेतच लावा, शीच्या जागी अजिबात नाही.

पेडऑन्को_रेसिडेंट:
हो, आणि इंडक्शनमध्ये स्टिरॉइड चालू असतं त्यामुळे कधी कधी ताप येतच नाही, मूल नुसतं मलूल पडतं, हातपाय गार लागतात, पोट दुखतं. तेही तापासारखंच धरायचं.

ओवीची_आई:
पोट तर सकाळपासून दुखतंय म्हणतेय, खिचडीपण नको म्हणाली, मला वाटलं ॲसिडिटी. ताप नाहीये.

पेडऑन्को_रेसिडेंट:
ताई इथे टाइप करत बसू नका, वॉर्डला फोन करा आणि लगेच निघा. फाइल आणि शेवटचा सी.बी.सी. (रक्ताच्या काउंटचा रिपोर्ट) सोबत घ्या.